मेख

उणे एकतीस. गोठलेल्या कुलपाला ओठ लावायचे नाहीत,
हे आमच्या सस्कॅचवानमध्ये प्रत्येक जण शिकतो,
एकदा लावूनच.

आत उभा आहे तातोंचा इंटरनॅशनल, एकसष्ट सालचा.
(तातो म्हणजे वडील. आजोबा युक्रेनहून हा शब्द
आणि एक विळा घेऊन आले. विळा हरवला.)
रंग हिरवा होता म्हणतात.
इंजिन लागतं, दिवे लागतात,
हीटरची कळ ओढली की मात्र
डॅशबोर्डखालून येतो नुसता फेब्रुवारी.

अँब्रोज पेल्टिए म्हणाला, घाई नको, डार्लीन.
ऊब कुठवर येते ते बघत जा.
थांबते कुठे ते आपोआप कळेल.
एवढं बोलून तो कॉफी प्यायला लागला,
महिन्याभराचे शब्द संपल्यासारखा.

रेडिएटर बघितला. काठोकाठ.
थर्मोस्टॅट काढून पातेल्यात उकळला,
त्यानं औषध घेणाऱ्या गुणी पोरासारखा
वेळेवर आ केला.
पंखा फिरत नव्हता. त्याच्या डब्यात उंदरांचा संसार:
सीटमधला कापूस, गव्हाची काडं,
आणि कुरतडलेली एक पावती,
तातोंच्या अक्षरात, आकडा तेवढा खाल्लेला.
सगळं उपसलं. पंखा भणभणला.
फेब्रुवारी आता जोरात येऊ लागला.

अँब्रोज हसला नाही. मी हसले, मग दात वाजले.

मग इंजिन तापवून, हातमोजा काढून,
नळीवरून बोटं सरकवत गेले,
आजारी माणसाची नाडी शोधावी तशी.
गरम. गरम. चांगली गरम.
आणि वाकणाच्या अलीकडे, जिथे पट्टा असायचं कारण नाही
तिथे एक पट्टा,
त्याच्यापुढे बोटभर अंतरावर
नळी मढ्यासारखी गार.

कापली. आत अंगठ्याएवढा बोल्ट,
चिंधी गुंडाळून, नीट, घट्ट, मुद्दाम ठोकलेला.
मेख इथे होती.

कोअर गळत असेल म्हणून बंद केला असणार, मी म्हटलं.
नळी जोडली, अर्धा तास थांबलो.
एक थेंब नाही.

मग तीस हिवाळे आम्ही तिघं बाकावर
मेंढीच्या कातड्याखाली गुडघे आवळून का बसत होतो?
आई काचेवरचं बर्फ आतून खरवडायची,
आपल्याच श्वासांचं बर्फ,
आणि तातो म्हणायचे, ऊब आली की झोप येते.
मला वाटायचं, कंजूष आहेत.

पेट्रोकाका, अँब्रोज म्हणाला.
तेवढंच.

तेव्हा मी सहा वर्षांची. कानोराच्या रस्त्याला
शेतात उतरलेली गाडी, इंजिन चालू, काचा बंद,
हीटर पुऱ्या जोरात,
आणि काका, टोपी नीट घातलेला, झोपल्यासारखा.
तातोंनीच दार उघडलं होतं.
आतली गरम हवा त्यांच्या तोंडावर आली असणार.
घरी येऊन त्यांनी ती बंद केली, कायमची,
हातात होता त्या बोल्टनं.

पण पाण्यानं नाही मरत माणूस, अँब्रोज म्हणाला,
धुरानं मरतो. सायलेन्सर सडला असणार त्याचा.
भलत्याच नळीत मारली रे वासिल.
त्याच्या आवाजात राग नव्हता.
दुसऱ्या मेकॅनिकच्या चुकीबद्दल
मेकॅनिक बोलतो तसं बोलला.

मी गाडीखाली शिरले, बॅटरी दातात धरून.
एक्झॉस्टचा प्रत्येक सांधा, प्रत्येक वेल्डिंग.
दोन जागी गंज, आरपार नाही.
तरी पॅच मारला.

परतताना हीटर लागला होता.
गुडघ्यांना ते पटत नव्हतं,
ते आपले एकमेकांना चिकटून.
बोल्ट ॲशट्रेत खुळखुळत होता, फेकवला नाही.
आणि जांभई आली तशी, अँब्रोजनं बघू नये इतपत,
काच मी बोटभर खाली केली.